वकीलपत्र परत करताना

वकीलपत्र घेणे सोपे असते. ते परत करणे कठीण. पक्षकार येतो, कागद दाखवतो, छापील नमुन्यावर सही करतो, आपण तिच्याखाली आपली सही करतो, आणि पाच मिनिटांत एका अनोळखी माणसाचे सुखदुःख आपल्या कपाटात येऊन बसते. परंतु चालू दाव्यातून अंग काढून घ्यायचे म्हटले म्हणजे सबळ कारण लागते, पक्षकाराला पुरेशी आगाऊ सूचना द्यावी लागते, न केलेल्या कामाची फी परत करावी लागते, आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नाते तुटल्यावरही पोटातच ठेवावी लागते. इतका बंदोबस्त कशासाठी, असा प्रश्न मला तरुणपणी पडत असे. आता पडत नाही. गेल्या वर्षी मला एक वकीलपत्र परत करावे लागले. ते कोणा पक्षकाराचे नव्हते. ज्या राजकीय पक्षात मी सव्वीस वर्षे काढली त्याचे होते.

पक्षाचे नाव मी येथे देत नाही. एक तर ते दिल्याबरोबर निम्मे वाचक माझे म्हणणे वाचण्याआधीच मान्य करतील आणि निम्मे तितक्याच तत्परतेने अमान्य करतील. दुसरे असे की, आसपास पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की त्या रिकाम्या जागी कोणतेही नाव घातले तरी हकीकतीत फारसा फरक पडणार नाही. माझ्या पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही मी बदलले आहेत.

मी उज्जयिनीत, नानाखेड्यास राहतो. नानाखेडा हे शहराचे दक्षिणेचे, इंदूरच्या रस्त्याकडचे अंग. महाकालाची घंटा येथे ऐकू येत नाही. ऐकू येतात ते बसस्थानकावरचे भोंगे आणि इंदूर, देवास अशा वाहकांच्या आरोळ्या. यात्रेकरूंना ज्या उज्जयिनीचे वेड असते ती येथून दूर आहे, आणि सिंहस्थाचे वर्ष सोडले तर येथे नजरेत भरण्यासारखे फारसे काही नाही. आमचे घराणे मूळचे कोकणातले. शिंद्यांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी एक. आजी मात्र थेट गोव्याची. ती अखेरपर्यंत आमच्याशी कोंकणीतच बोलली. महाकालाच्या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी होते, ही गोष्ट ती जणू आपल्या माहेरच्या माणसाने काल केलेले काम सांगावे तशी सांगत असे. घरातून बाहेर पडताना कोणी ‘जातो’ म्हटले की ती त्याला उंबऱ्यावरून परत बोलवी. ‘वचून येतां’ म्हणायचे, जाऊन येतो, असा तिचा दंडक होता. नुसते जाणे आमच्या घरात नव्हतेच.

१९९९ साली मी कायद्याच्या पहिल्या वर्षात होतो. पक्षाच्या एका सभेत सतरंज्या घालायला हात कमी पडत होते, म्हणून एका वयस्क गृहस्थांनी मला हाक मारली. त्यांना सारे तात्या म्हणत. सतरंजीचे एक टोक त्यांनी धरले, एक मी. तेथून माझे राजकारण सुरू झाले. मी पक्षाचा जाहीरनामा नंतर वाचला. मला वाटते, बहुतेकांचे असेच होते. आपण विचार पटला म्हणून पक्षात गेलो असे आपण मागाहून सांगतो. वास्तविक आपण कोणा माणसाच्या हाकेला ओ दिलेली असते. विचार पटले हेही खरे, पण ते त्या सतरंजीवर बसून पटले.

पुढे मी जिल्हा शाखेचा बिनपगारी वकील झालो. आंदोलनात पकडलेल्यांचे जामीन, निवडणुकीची शपथपत्रे, कचेरीच्या भाड्याचा तंटा, सारे माझ्याकडे. यात मी काही त्याग केला असे म्हणण्याची सोय नाही. पक्षाने मला पुष्कळ दिले. नानाखेड्यातल्या एखाद्या म्हातारीचे अडलेले निवृत्तिवेतन, रुग्णालयात न मिळणारी खाट, शाळेत राहिलेला प्रवेश, हे माझ्या एका फोनने होत असे. आणि तो फोन कायद्याच्या पदवीच्या जोरावर होत नसून पक्षाच्या जोरावर होतो, हे मला पक्के ठाऊक होते.

खटका उडाला तो एका जमिनीवरून. शहराच्या कडेच्या शेतजमिनीवर एका इसमाने चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले. बिनशेती परवाना नाही, नकाशा मंजूर नाही, खरेदीखत नाही. नुसते नोटरीपुढे केलेले करारपत्र आणि पैसे घेतल्याची चिठ्ठी. त्रेचाळीस कुटुंबांनी पैसे भरले. कोणी हमाल, कोणी शिवणकाम करणारी, कोणी शाळेतला शिपाई. दाव्यात मी त्यांचा वकील. दोन वर्षांनी तो इसम माझ्या पक्षात आला, हार घालून घेतला, आणि वर्षाच्या आत जिल्ह्याचा पदाधिकारी झाला. त्यानंतर एके दिवशी मला कचेरीत बोलावून, चहा देऊन, अत्यंत गोड शब्दांत सांगण्यात आले की हा घरातला मामला आहे, तेव्हा तडजोड करून टाकावी. तडजोडीचा आकडाही त्यांनी ठरवला होता. तो भरलेल्या पैशांच्या निम्माही नव्हता.

मी नाही म्हटले. नाही म्हणणे अवघड गेले नाही. वकिलाला तेवढी शिस्त असते. अवघड गेले ते पुढचे. त्या रात्री मी दोन पानांचे राजीनामापत्र लिहिले, फायलीत घातले, आणि ते तेथे नवरात्रापासून गुढीपाडव्यापर्यंत पडून राहिले.

या सहा महिन्यांत मी, वकिलाच्या सवयीने, पूर्वीचे निवाडे शोधू लागलो. आपल्यासारख्या पेचात मोठी माणसे काय करतात? संयुक्त महाराष्ट्राचा काळ उघडून पाहिला, तर दोन माणसे दोन बाजूंना उभी दिसली. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडले. त्याच प्रश्नावर काकासाहेब गाडगीळ लोकसभेत पोटतिडकीने बोलले, पण काँग्रेस सोडून गेले नाहीत. १९५७ साली पुण्यातून ते नानासाहेब गोऱ्यांकडून पराभूत झाले. हे नानासाहेब तेच, ज्यांनी १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात शिरून पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. देशमुखांचे जाणे प्रामाणिक होते आणि गाडगीळांचे राहणेही. एकाच प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे असू शकतात, हे पाहून मला समाधान वाटण्याऐवजी चिडच आली. निवाडे शोधणाऱ्याला एकच उत्तर हवे असते.

मग १९४८ चे नाशिक. पक्षात पक्ष नको, असे काँग्रेसने ठरवल्यावर समाजवाद्यांनी नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेस सोडण्याचा निर्णय केला. आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी उत्तर प्रदेशच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्ष सोडला तेव्हा कायद्याने जागा सोडण्याचे बंधन मुळीच नव्हते. तरी त्यांनी जागा सोडल्या, पोटनिवडणुका लढवल्या, आणि देव स्वतः फैजाबादेत हरले. त्याच सुमारास महाराष्ट्रात केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढत होते. पुढे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे जाणाऱ्यांतही एक जातो तो सारे ठेवून जातो, दुसरा जाऊन येतो. आजीला दुसरा प्रकार अधिक पटला असता.

आमच्या मध्य प्रदेशात तर या विषयाला कमतरता नाही. १९६७ साली ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडल्या आणि छत्तीस आमदार फुटून द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळले. फुटलेल्यांचे पुढारी गोविंदनारायण सिंह मुख्यमंत्री झाले, आणि दोन वर्षे पुरती होण्याआधी तेही काँग्रेसमध्ये परतले. त्यांचे चिरंजीव माधवराव १९९६ साली काँग्रेस सोडून गेले, वेगळ्या पक्षातर्फे ग्वाल्हेर जिंकून आले, आणि परतले. असे लिहिताना कोणाचे चिरंजीव ते स्पष्ट करायला हवे, ते राजमातांचे. २०२० च्या मार्चमध्ये नातू ज्योतिरादित्य यांनी काँग्रेस सोडली, बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथांचे सरकार गेले. एका घराण्याच्या तीन पिढ्या, आणि तिन्ही पिढ्यांची कारणे निरनिराळी. ज्या शिंद्यांच्या चाकरीने आमचे पूर्वज येथे आले त्यांचा न्याय करायला मी बसलो नव्हतो. मला माझाच न्याय होईना.

पक्षांतराचा रोग तपासण्यासाठी त्या वेळचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. १९६९ च्या तिच्या अहवालातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही: राज्याराज्यांतून पक्षांतर केलेल्या दोनशे दहा आमदारांपैकी एकशे सोळा जण, त्यांनीच आणलेल्या सरकारांत मंत्री झाले. निम्म्याहून अधिक! मतभेदाला इतक्या तातडीने फळ येत असेल, तर ते झाड मतभेदाचे नव्हे. पुढे १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. एकट्यादुकट्याने फुटणे बंद झाले; एक तृतीयांशांनी फुटणे मात्र चालत राहिले. २००३ साली तेही गेले. आता दोन तृतीयांशांचे विलीनीकरण उरले आहे. गोव्यात २०१९ साली काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदार त्याच वाटेने गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी पक्षाने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या. त्याच वर्षी अकरांपैकी आठ गेले. कायदा दाराला कडी घालू शकतो. आत राहिलेल्याच्या मनाला नव्हे.

आणि मला हवा तो निवाडा अखेर गोव्यातच सापडला. १९९० साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या दोन आमदारांचा प्रश्न उठला होता. त्यांनी राजीनामा दिला नव्हता. पण विरोधी नेत्याबरोबर ते राज्यपालांकडे गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रवी नाईक खटला म्हणून आम्ही वकील ते ओळखतो. १९९४ साली न्यायालयाने सांगितले की ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ आणि ‘राजीनामा’ हे एकच नव्हे. पहिल्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. राजीनामा न देताही माणसाने पक्ष सोडलेला असू शकतो, आणि ते त्याच्या वर्तनावरून ओळखता येते.

हा निवाडा मी अनेकदा वाचला होता. तो माझ्याविरुद्ध वापरता येईल हे कधी सुचले नव्हते. मी माझे वर्तन तपासले. वर्षभरात एकाही बैठकीत मी तोंड उघडले नव्हते. मी मागच्या रांगेत दाराजवळ बसत असे. पक्षासाठी जी निवेदने मी लिहीत होतो त्यांतले एकही वाक्य मी घरी जेवताना उच्चारले नसते. वर्गणी भरायचे ‘राहून गेले’ होते. कोणत्याही सभापतीने या पुराव्यावर मला क्षणात अपात्र ठरवले असते. मी गेलोच होतो. फक्त कळवायचे राहिले होते. आणि न कळवता जाणे म्हणजे तारखेला गैरहजर राहणाऱ्या वकिलासारखे. वकील आहे या भरवशावर पक्षकार बसलेला, आणि वकील मनाने कधीच निघून गेलेला.

तरीही पत्र फायलीतून बाहेर निघेना. त्याचे कारण सांगितल्याशिवाय ही हकीकत खरी होणार नाही. २०२२ च्या महापालिका निवडणुकीत आपल्या वॉर्डाची उमेदवारी मिळावी अशी मला आशा होती. मी मागितली नव्हती, पण न मागता मिळावी असे वाटण्यात जो लोभ असतो तो मागण्यातल्या लोभाहून लहान नसतो. ती मिळाली नाही. एके रात्री पत्नीने ते दोन पानी पत्र वाचले, चष्मा काढला, आणि म्हणाली, “अहो, हे सारे खरे आहे. पण त्या वेळी तिकीट मिळाले असते तर हे लिहिले असतेत का?”

मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी न्यायालयात, दुसऱ्याच कोणाच्या खटल्यात उलटतपासणी ऐकत बसलो असता, ते उत्तर मी स्वतःला दिले: कदाचित नसते लिहिले. कदाचित नगरसेवक होऊन मी त्या त्रेचाळीस कुटुंबांना समजावत बसलो असतो की निम्मे पैसे म्हणजे काही थोडे नव्हेत.

हे उत्तर फार कडू होते, पण त्यातूनच वाट निघाली. साक्षीदाराचे आरोपीशी वैर असेल तर न्यायालय त्याची साक्ष केराच्या टोपलीत टाकीत नाही; अधिक काळजीने पारखते. वैर आहे म्हणून साक्ष खोटी, असा आमचा नियम नाही. वैर आहे म्हणून दुसऱ्या पुराव्याचा आधार पाहावा, एवढाच आहे. मी त्या पत्राला तोच नियम लावला. ज्या वाक्याला माझ्या रागाशिवाय दुसरा साक्षीदार नाही, ते वाक्य खोडायचे. ‘निष्ठावंतांची उपेक्षा’ गेली. ‘पूर्वीचा पक्ष राहिला नाही’ गेले. पूर्वीचा मी तरी कोठे राहिलो होतो? ‘जड अंतःकरणाने’ गेले. दोन पानांच्या चार ओळी उरल्या: अमुक दाव्यात मी वादींचा वकील आहे, त्यांच्या हिताविरुद्ध तडजोड करण्याची सूचना मला पक्षाच्या कचेरीत करण्यात आली, तिचा निषेध व्हावा असे मी तोंडी सांगितले, तो झाला नाही, म्हणून मी पद आणि सदस्यत्व सोडीत आहे. माझे तिकीट त्या चार ओळींत कोठेही नव्हते, आणि त्याच्याशिवाय त्या उभ्या राहत होत्या.

पण ‘तोंडी सांगितले’ हे लिहिताना हात अडखळला. मी खरोखर सांगितले होते का? बंद खोलीत एकदा पुटपुटलो होतो. तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीत मी मागच्या रांगेतून उठलो आणि साऱ्यांसमोर सांगितले. सबळ कारण आणि आगाऊ सूचना, या दोन अटी पुऱ्या व्हायला हव्या होत्या. कोणी ओरडले नाही. कोणी उत्तरही दिले नाही. अध्यक्षांनी विषयपत्रिकेतला पुढचा विषय घेतला. ओरडले असते तर मी कदाचित राहिलो असतो. भांडण असेपर्यंत घर असते.

त्याच आठवड्यात, दाव्यातली एक वादी, कपडे शिवून पोट भरणारी बाई, माझ्या घरी आली. तिच्या गल्लीत कोणीतरी सांगितले होते की वकील आणि तो इसम एकाच पक्षाचे. ती बराच वेळ पदराशी चाळा करीत बसली आणि मग म्हणाली, “वकीलसाहेब, आप किसकी तरफ हैं?” इतक्या वर्षांच्या वकिलीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला आमच्या व्यवसायाचे नियम सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी तिला म्हटले, परवा ये, तेव्हा सांगतो.

मध्ये एकच दिवस होता. सकाळी जुन्या शहरातल्या कचेरीत गेलो. पक्षाच्या फायली, भाड्याच्या तंट्याचे कागद, जामिनांची यादी, सारे बांधून नेले होते. पुढील तारखा एका कागदावर क्रमाने लिहिल्या होत्या. एका अपिलाच्या खर्चासाठी मिळालेल्या रकमेतले साडेतीन हजार उरले होते, ते पाकिटात घातले. कचेरीची किल्ली वर ठेवली. तेथे तात्यांखेरीज कोणी नव्हते. त्यांनी सारे मोजून घेतले, पावती दिली, आणि पत्र वाचले. चार ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

“मी तीनदा भांडलो,” ते म्हणाले. “आणीबाणीनंतर एकदा, मग दोनदा. प्रत्येक वेळी वाटले, उद्यापासून येत नाही. पण म्हटले, मग सतरंज्या कोण घालणार?”

मी त्यांना काही समजावले नाही. तात्या भित्रे नाहीत, लाचार तर मुळीच नाहीत. त्यांनी ज्या प्रश्नाला उत्तर दिले तो माझ्या प्रश्नाहून वेगळा होता, इतकेच. त्यांच्या राहण्याने कोणा तिसऱ्याचे घर बुडत नव्हते. माझ्या राहण्याने बुडण्याचा संभव होता. माझा सारा तत्त्वविचार अखेर एवढ्यावर येऊन थांबतो. पक्षाशी मतभेद झाला म्हणून पक्ष सोडावा, असे मी कोणाला सांगणार नाही. मतभेद नसलेला पक्ष फक्त एका माणसाचा असू शकतो. पण आपले राहणे ज्याला भोवते तो माणूस आपल्या दारात येऊन विचारू लागला, म्हणजे उत्तर द्यावे.

निघताना सवयीने माझ्या तोंडून गेले, “येतो, तात्या.” शब्द तोंडातून निसटल्यावर दोघेही क्षणभर थांबलो. “ये,” ते म्हणाले, आणि पाकिटातल्या नोटा पुन्हा मोजू लागले.

चार दिवसांनी दुसऱ्या पक्षाचे एक गृहस्थ मिठाई घेऊन घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि सांगितले की ज्या मामल्यात एका बाजूची कागदपत्रे आपण पाहिली, त्यात दुसऱ्या बाजूचे वकीलपत्र घेत नाहीत. ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. मिठाई पत्नीने परत पाठवली नाही, शेजारच्या मुलांत वाटून टाकली.

आता नानाखेड्यातली माणसे माझ्याकडे पूर्वीइतकी येत नाहीत. फोन करून खाट मिळवून देणे मला जमत नाही. अर्ज लिहून देतो, आणि अर्जाला लागतो तितका वेळ लागतो. गेल्या महिन्यात एका शेजाऱ्याला मी उपयोगी पडू शकलो नाही, आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसले ते मला अजून खुपते. जाण्याची किंमत जाणारा एकटाच भरतो हे खरे नाही. ती अशी इतरांच्याही खात्यावर पडते. हे आधी कळले असते तर मी थांबलो असतो का, असे पत्नीने परवा विचारले. या वेळी मी लगेच नाही म्हणालो, पण आवाज मला हवा तितका ठाम लागला नाही.

दावा अजून चालू आहे. ती शिवणकाम करणारी बाई ठरल्याप्रमाणे आली होती. मी तिला पावती दाखवली. तिला वाचता येत नव्हते; तिने ती उलटसुलट करून पाहिली, परत केली, आणि विचारले की पुढची तारीख कधी आहे.